पात्यावर 'डी-टू', आत मऊ पोलाद

जाहिरात घडीच्या चाकूची होती: डी-टू पोलाद (धार टिकवणारं कठीण हत्यारी पोलाद), लायनर लॉक (उघडलेलं पातं अडवून धरणारी पट्टी), 'रोजच्या कामाला आणि आत्मरक्षणाला'. वस्तू हुबेहूब फोटोसारखी आली. पुठ्ठ्याची चार खोकी कापून होईतो धार गेली. जाड दोरी कापताना पातं अडकलं, मूठ जरा पिळली गेली आणि लॉक सुटून पातं बोटांवर मिटलं. विक्रेत्याचं उत्तर एवढंच: वापरलेला माल परत घेत नाही.

पात्यावर कोरलेलं नाव हा पुरावा नाही. लेझरने काहीही कोरता येतं. खऱ्या डी-टूत कार्बन सुमारे १.५ टक्के आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं. तापवून नीट पाणी दिलं की कडकपणा रॉकवेल सी मापावर ५८ ते ६१ येतो. थ्री-सीआर-थर्टीनसारख्या स्वस्त पोलादात कार्बन जेमतेम ०.३ टक्के. त्याला धार झटकन लागते आणि तितक्याच झटकन वळते. लोहचुंबक चिकटतो म्हणून माल अस्सल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, दोन्हींना चिकटतो. नुसतं '४४०' (स्टेनलेस पोलादाचा एक गट) लिहिलेलं असेल तर पुढचं अक्षर विचारा. ४४०-ए आणि ४४०-सी यांच्या कार्बनमध्ये बराच फरक आहे. 'सर्जिकल स्टील' ही तर कुठली ठरावीक जातच नाही.

लॉकची फसवणूक जास्त घातक, कारण ती बोटं कापते. लायनर लॉकमध्ये मुठीतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे अडते. पातं उघडून आत पाहा: पट्टी बुडाच्या रुंदीच्या साधारण ३० ते ५० टक्के आत आलेली हवी. नुसती कडेला टेकली असेल किंवा बुडाचा उतार चुकीचा घासलेला असेल, तर पिळ बसताच ती निसटते. तपासताना जाड हातमोजा घाला, मूठ दोन्ही बाजूंनी धरा आणि एकही बोट पातं मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. पात्याची पाठ लाकडावर हळूहळू दाबा, मग मूठ किंचित पिळा. आपटायची गरज नाही. पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर बिजागरीचा स्क्रू आवळून भागतं. वर-खाली हलत असेल तर दोष लॉकमध्ये आहे, स्क्रू कितीही आवळा.

'आत्मरक्षणाला' या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका. बहुतेक घडीच्या चाकूंना हात अडवणारी ठेप नसते. टोक कठीण वस्तूवर अडलं की घामेजलेला हात घसरून धारेवर जातो. त्यात लॉक असं असेल तर पहिली जखम धरणाऱ्यालाच. पळायला वाट असेल तर पळणंच बरं. 'सगळीकडे कायदेशीर' या दाव्यावरही विसंबू नका. काही देशांत लॉक होणारं पातं आणि साधं घडीचं पातं यांना वेगळे नियम आहेत.

तपासणीचा क्रम चुकवू नका. खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा. आधी लॉक पाहा, त्याने ओरखडा उठत नाही. इथेच खोट निघाली तर काहीही न कापता, धार न लावता परत पाठवा. कडकपणा तपासायच्या कानशींचा संच रॉकवेल सी ४० ते ६५ पर्यंत पाच-पाचच्या टप्प्याने मिळतो. ५५ची कानस पात्याच्या पाठीवर घसरली तर ठीक, रुतली तर ते नीट पाणी दिलेलं डी-टू नव्हे. मात्र कानशीची खूण राहते आणि तेच निमित्त करून परतावा नाकारतात, म्हणून ती परीक्षा विक्रेत्याची लेखी संमती घेऊनच करा.