आठ महिने एकच प्रीसेट: स्लाइडमधल्या व्हिडिओंचा अनुभव

पूर्वी स्लाइडमध्ये टाकायचा व्हिडिओ एक्सपोर्ट करताना यादीत जे सगळ्यात भारी दिसेल ते मी निवडायचो. फोर-के, एच.२६५ (व्हिडिओ दाबून छोटा करायची नवी पद्धत), बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) मिळेल तेवढा. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालायचं. मग एकदा सादरीकरण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून करावं लागलं. आवाज सुरू, चित्र काळंकुट्ट! चूक माझीच. त्या मशीनवर एच.२६५ उलगडणारा कोडेकच नव्हता आणि मी आधी तपासलंही नव्हतं.

तेव्हापासून हँडब्रेक या व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रीसेट (सेटिंग्जचा ठरलेला संच) करून ठेवलाय: एमपी४, एच.२६४ (एच.२६५ च्या आधीची पद्धत), १९२० बाय १०८०, ३० फ्रेम, आवाज एएसी स्टीरिओ. पॉवरपॉइंटसाठी मायक्रोसॉफ्टही एच.२६४ आणि एएसी हीच जोडी सुचवतं. क्वालिटीचा आकडा, म्हणजे आरएफ, २१. हा आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १८ वर नेऊन पाहिलं, तर प्रोजेक्टरवर मला काडीचा फरक दिसला नाही, फाइल मात्र फुगली.

खरा फायदा झाला तो फ्रेमरेटमुळे (दर सेकंदाला किती चित्रं). स्क्रीन रेकॉर्डिंग आणि फोनवरचं शूटिंग बऱ्याचदा बदलत्या फ्रेमरेटचं असतं. लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू पुढे-मागे व्हायचा आणि मी उगाच माइकला दोष देत बसायचो. हँडब्रेकमध्ये 'पीक' (कमाल मर्यादेच्या आत बदलता दर) सोडून 'कॉन्स्टंट' (कायम एकच दर) केलं आणि कटकट मिटली.

दुसरी युक्ती उशिरा सापडली. मी व्हिडिओत बुकमार्क लावून मधूनच उडी मारतो. तिथे पूर्वी चित्र क्षणभर अडकायचं, कारण व्हिडिओ उलगडणाऱ्या डीकोडरला मागच्या कीफ्रेमपासून (पूर्ण साठवलेलं चित्र; मधल्यांत फक्त बदल असतात) सगळं उलगडत यावं लागतं. जादा पर्यायांच्या चौकटीत कीइंट=३० (इंग्रजीत keyint=30) लिहिलं, म्हणजे निदान दर सेकंदाला एक कीफ्रेम. फाइल थोडी वाढते, पण उडी लगेच बसते.

व्हिडिओ काळ्या पडद्यातून हळूच उजळत असेल, तर स्लाइडवर सुरुवातीला नुसता काळा चौकोन दिसतो. पॉवरपॉइंटमध्ये 'पोस्टर फ्रेम' (व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसणारं चित्र) लावून टाका. आणि व्हिडिओ लिंक न करता एम्बेडच करा (सादरीकरणाच्या फाइलमध्येच साठवा), नाहीतर पेन ड्राइव्हवर फक्त स्लाइड येतात.

एक दुखणं अजून आहे. स्क्रीन रेकॉर्डिंगमधली बारीक लाल अक्षरं कडेला फिसकटतात. व्हिडिओत सहसा वापरतात त्या ४:२:० प्रकारात रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच साठवली जाते, त्यामुळे आरएफ कितीही कमी केला तरी ते पूर्ण जात नाही. रंगाची पूर्ण माहिती ठेवणाऱ्या ४:४:४ ने जाईल, पण ते बऱ्याच मशीनच्या हार्डवेअर डीकोडरला झेपत नाही, म्हणजे पुन्हा पहिल्यासारखंच. सध्या मी रेकॉर्डिंगआधी अक्षरं मोठी करतो आणि लाल रंग टाळतो.