आठ महिने वापरलेला नकाशासंग्रह आणि त्यातल्या अनेक अपोलोनिया

प्राचीन ग्रीक जगाचा हा जाडजूड नकाशासंग्रह मी गेले आठ महिने जवळजवळ रोज उघडत आहे. छायाचित्रांवरून ग्रीक नाणी कोणत्या शहराची आहेत हे हुडकण्याचा मला छंद असल्यामुळे माझे काम नकाशांइतकेच मागच्या नामसूचीशी पडते, आणि माझी तक्रारही तिच्याबद्दलच आहे.

सूचीत 'अपोलोनिया' (अपोलो देवाच्या नावाचे शहर) काढले, की तेच नाव एकाखाली एक येत राहते आणि पुढे असतो केवळ नकाशाचा क्रमांक. दुसऱ्याच महिन्यात एका चांदीच्या नाण्यावर जहाजाचा नांगर आणि मागे जीभ बाहेर काढलेला, ग्रीक पुराणातल्या गॉर्गन राक्षसीचा चेहरा दिसला. मी सूचीतली पहिली अपोलोनिया धरून अल्बानियातल्या फिएरजवळच्या शहरावर तीन संध्याकाळी घालवल्या. नाणे मात्र काळ्या समुद्रावरच्या अपोलोनियाचे, म्हणजे आजच्या बल्गेरियातल्या सोझोपोलचे निघाले. अल्बानियातल्या शहराच्या नाण्यांवर वासराला पाजणारी, मान वळवलेली गाय असते. नावापुढे 'काळा समुद्र' एवढे दोन शब्द छापले असते, तरी पुरले असते.

देवांची आणि राजांची नावे शहरांना देण्याची रीतच अशी होती, की हा घोटाळा टळणे कठीण होते. अलेक्झांडरचा सेनापती आणि पुढे राजा झालेल्या सेल्युकसने वडिलांच्या नावाने १६ अँटिऑक आणि आईच्या नावाने ५ लाओडिकिया वसवल्याचे प्राचीन इतिहासकार अप्पियन सांगतो; सहाव्या शतकातल्या बायझंटियमच्या कोशकार स्टेफानसने तर १८ अलेक्झांड्रिया क्रमांक घालून नोंदवल्या. म्हणजे संपादकांपुढे चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा नमुना तयार होता! अर्थात प्रत्येक दोष सूचीच्या माथी मारता येणार नाही: प्राचीन ग्रीक चित्रकार झ्यूक्सिस हेराक्लिया नावाच्या शहराचा, एवढेच जुने लेखक सांगतात, आणि ती हेराक्लिया दक्षिण इटलीतली की काळ्या समुद्रावरची, याचा वाद अभ्यासकांमध्ये आहे.

नकाशे मात्र उत्तम आहेत. इ. स. पू. ४२६ मध्ये स्पार्टाने ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीजवळ आणखी एक हेराक्लिया का वसवली, हे वाचून मला कधी नीट कळले नव्हते; उंचीच्या रंगछटांमध्ये डोंगर आणि आखात यांच्यामधली ती चिंचोळी वाट पाहिल्यावर, उत्तरेकडचा रस्ता हातात ठेवण्यासाठी दुसरी जागाच नव्हती, हे ध्यानात आले.

चौथ्या महिन्यात बांधणी सैल झाली, तिला चिकटपट्टी लावली आहे. सूचीतल्या अपोलोनिया आणि हेराक्लियांपुढे मी पेन्सिलीने प्रदेश लिहून ठेवले आहेत. अँटिऑकपर्यंत अजून पोहोचलेलो नाही.