कांदाटी खोऱ्यात सिम राउटर आणि छपरावरचा अँटेना: एका उन्हाळ्या-पावसाळ्याचा अनुभव

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठाला, कांदाटी खोऱ्यात. घरटी कोणी ना कोणी मुंबईत कामाला, त्यामुळे फोन लागणं ही रोजची निकड. घरात मात्र रेंज नाही. बोलायचं तर टेकाडावर चढायचं, आणि आषाढात तिथं छत्रीसुद्धा उभी राहत नाही. म्हणून उन्हाळ्यात सिमवर चालणारा फोर-जी राउटर आणि एकाच दिशेला रोखायचा अँटेना घेतला.

राउटर घेताना मागे अँटेनाची दोन सॉकेट आहेत ना, हे आधी बघा. खिडकीत नुसता ठेवून आमच्याकडे काही फरक पडला नाही. अँटेना जीआय पाइपवर चढवला. भाऊ छपरावरून तो हळूहळू फिरवत होता, मी खाली राउटरच्या सेटिंगमध्ये आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो त्याचा आकडा वाचत होते (तो उण्यात असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). उणे ११६ होता. पाण्यापलीकडच्या टॉवरकडे तोंड झालं तसा उणे ९७ वर आला, आंब्याच्या आड गेलं की लगेच घसरायचा.

केबलवर कंजुषी करू नका. सोबत आलेली बारीक आरजी-५८ केबल फोर-जीच्या १८०० मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीला दहा मीटरमध्ये सात-आठ डेसिबल सहज खाते, म्हणजे आलेल्या सिग्नलचा पाचवा-सहावा हिस्साच राउटरपर्यंत पोचतो. जाड एलएमआर-४०० घेतली, तिच्यात तेवढ्याच लांबीला दोनेक डेसिबल जातात. बाजारातले मोबाइल सिग्नल वाढवणारे बूस्टर मात्र लावू नका. परवानगीशिवाय ते बेकायदेशीर आहेत, शिवाय आजूबाजूच्यांचं नेटवर्क बिघडवतात.

सगळ्यात मोठं सुख वायफाय कॉलिंगचं, म्हणजे रेंज नसली तरी घरच्या वायफायवरून नेहमीच्या नंबरने बोलता येण्याचं. आता आई चुलीपाशी बसून मुंबईच्या नातवाशी बोलते. माझ्या फोनवर बँकेचा ओटीपीही येतो. बाबांच्या जुन्या फोनमध्ये ही सोय नाही, त्यांना अजून टेकाड चुकलेलं नाही. व्हिडिओ रात्री नऊनंतर अडकतो, तेव्हा सगळं खोरं एकाच टॉवरवर असतं.

पावसाने रेंज जाते असं सगळे म्हणतात. या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या थेंबांनी फारसं काही होत नाही. आमच्याकडे जाते ती वीज. घरचा राउटर १२ व्होल्टचा, छोट्या डीसी यूपीएसच्या बॅटरीवर चार तास निघतो. पण लाइट गेल्यावर तासाभरात टॉवरच बंद पडतो, मग आमचा राउटर चालू असून उपयोग काय? ऐन जुलैत सलग तीन दिवस असे गेले, आणि त्यातच शेजारच्या बाळंतिणीला पलीकडे न्यायचं होतं. लाँचवाल्याला फोन लागेना, पोरगा पावसातून धावत निरोप घेऊन गेला.

पाइपला आधीच अर्थिंग करून घ्या आणि वळवाच्या विजा जवळ येण्याआधी राउटरच्या केबली काढून ठेवा. टॉवरच्या बॅटऱ्या बदलाव्यात म्हणून गावाने सह्यांचा अर्ज दिला आहे. तुमच्या भागात कोणी असा पाठपुरावा करून काम करून घेतलं असेल, तर कोणाकडे आणि कसा, ते जरूर लिहा.