उलटं लटकून बाहेर यायला शिकवणारं तीन दिवसांचं ट्रेनिंग

आमच्या घाटंजीकडच्या गावांत ज्याला पोहता येतं त्याला पाण्याचं भय नाही, असंच सगळे धरून चालतात. माझ्या भाच्याबद्दल मीही तसंच धरलं होतं. सात वर्षांचा असताना पाठीला रिकामा डबा बांधून त्याला वावरातल्या विहिरीत मीच सोडला होता. आता तो वरून उडी घेतो अन् तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येतो. हाच पोट्टा यंदा फेब्रुवारीत, समुद्रातल्या नोकरीआधीच्या ट्रेनिंगमध्ये, पाण्यात बुडवायच्या हेलिकॉप्टरसारख्या पिंजऱ्यात उलटा झाल्यावर, इतका घाबरला की डायव्हरने त्याला धरून बाहेर काढला. हे लिहायला बसलो ते त्याच्यामुळे, अन् तालुक्याच्या गावी भेटलेल्या एका एजंटमुळे.

मी फिटर आहे. आयटीआय करून कंत्राटदाराकडून समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रावर जायला लागलो, त्याला बारा वर्षं होऊन गेली. किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटर आत, पंचाहत्तर मीटर खोल पाण्यात लोखंडी पायांवर उभे प्लॅटफॉर्म. तिथे जायचं तर आधी समुद्रातून जीव वाचवायचं ट्रेनिंग लागतं. त्यात हेलिकॉप्टर पाण्यात पडल्यावर बाहेर पडणं, लाइफ जॅकेट अन् तराफा, आग विझवणं, धुरातून निघणं आणि प्रथमोपचार येतात. ट्रेनिंग झालं की मिळणारं कार्ड चार वर्षं चालतं. मुदतीत गेलात तर एका दिवसाची उजळणी पुरते, मुदत उलटली की पुन्हा पूर्ण तीन दिवस. माझं कार्ड संपून गेलं होतं, म्हणून भाच्यासोबत मीही तीन दिवस बसलो. आजवर तीन वेगवेगळ्या केंद्रांत गेलो आहे. नाव एकाचंही लिहीत नाही, कारण माणसं अन् टाक्या बदलत राहतात. काय बघून केंद्र निवडायचं तेवढं सांगतो.

फी, धामणगावहून रेल्वेचं तिकीट अन् चार रात्रींची खोली, दोघांचं मिळून घरात ठेवलेलं बारा क्विंटल सोयाबीन गेलं. बहीण म्हणाली, "पोराले समुद्रात पाठवाचं अन् वरून बुडाची फी बी भराची?" तिचा राग मला समजतो. पण फी बुडायचीच आहे, अन् ती भरायलाच पाहिजे.

टाकीवर क्रेनला एक पिंजरा टांगलेला असतो. हेलिकॉप्टरसारख्याच सीटा, खांद्यावरून अन् कमरेवरून येणारे पट्टे, ढकलली की निघणारी खिडकी. पहिल्या बुड्या सरळ असतात, शेवटच्या तीन बुड्यांत पिंजरा पाण्यात उलटतो. खरं हेलिकॉप्टरही असंच उलटतं, कारण इंजिन अन् गिअरबॉक्स डोक्यावर असतात; वजन वर, म्हणून पाण्यात पडलं की ते पालथं व्हायला बघतं. अशा वेळी एक हात खिडकीच्या चौकटीवर अन् दुसरा पट्ट्याच्या बकलवर. फिरणं पूर्ण थांबेपर्यंत हलायचं नाही. मग खिडकी ढकलायची, चौकट धरूनच बकल सोडायचं अन् हाताच्या ओढीने बाहेर यायचं. लाइफ जॅकेट आत असताना चुकूनही फुगवायचं नाही, नाहीतर तेच तुम्हाला वर दाबून धरतं अन् खिडकी खालीच राहते.

भाच्याचं काय झालं, तर विहिरीची सवय आडवी आली. विहिरीत घाबरलं की माणूस उजेडाकडे जातो, अन् उजेड नेहमी डोक्यावर असतो. पिंजऱ्यात त्याने पहिली गोष्ट केली ती बकल सोडायची, पिंजरा फिरत असतानाच. धरायला काही राहिलं नाही. नाकात पाणी गेलं (उलटं झाल्यावर जातंच, म्हणून नाकातून हळूहळू हवा सोडत राहायची), अन् तो पिंजऱ्याच्या तळाला डोकं लावून चाचपडत राहिला. खिडकी त्याच्यापासून हातभरावर होती. मी माझ्या सीटवरून बाहेर पडून वर आलो तेव्हा डायव्हर त्याला काठाकडे नेत होता. पोराचं अंग थरथरत होतं, अन् मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याला विहिरीत शिकवणारा मीच.

या केंद्राला मी पैकीच्या पैकी देतो ते पुढच्या गोष्टीसाठी. शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले. ते रागावले नाहीत, कार्डावर टिक करून मोकळेही झाले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत सगळी बॅच गेल्यावर त्यांनी भाच्याला एकट्याला कोरड्या पिंजऱ्यात बसवलं अन् डोळे मिटायला लावले. "खिडकी, थांब, ढकल, बकल, ओढ" असं दहा वेळा त्याच्या तोंडून म्हणवून घेतलं, हातांनी करवून घेतलं. मग पाण्यात. दुसऱ्यांदा उलटल्यावर तो डायव्हरच्या मदतीशिवाय बाहेर आला, तिसऱ्यांदा डोळे मिटून आला. माझ्या पहिल्या केंद्रात, 2012 साली, चाळीस जणांच्या बॅचला एक-एकदा बुडवलं होतं. माझ्या शेजारच्याला डायव्हरने ओढून काढलं, अन् संध्याकाळी त्यालाही माझ्यासारखंच कार्ड मिळालं. ते कार्ड घेऊन तो माणूस हेलिकॉप्टरमध्ये बसला असेल, हे आजही डोक्यातून जात नाही.

आता त्या एजंटचं. भाच्यासाठी चौकशी करत होतो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, पाण्यात कायले उतरता? फोटो अन् आधार द्या, चार दिवसांत कार्ड हाती." किंमत निम्मी. आपल्या भागातली गरजू पोरं याला बळी पडतात, कारण त्यांना वाटतं की हा नोकरीआधीचा एक कागद आहे. पोरांनो, 28 जून 2022 ला मुंबई हायवर सागर किरण या तेलविहीर खोदणाऱ्या रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. आत नऊ माणसं होती, त्यातली चार गेली. अशा वेळी जे काही करायचं ते काही सेकंदांत करायचं असतं, अन् त्यात विकतचा कागद कामाला येत नाही.

आगीचा दिवस मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यातलं बरंचसं गावातही उपयोगी पडतं. धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीतून खाली वाकून निघायचं. भिंत चाचपायची ती तळहाताने नाही, हाताच्या पाठीने. तळहात उघड्या तारेला लागला तर शॉकने मूठ आवळते अन् तार सुटत नाही; हाताची पाठ लागली तर हात आपोआप मागे येतो. पावसाळ्यात आपल्याकडे ओल्या मोटर पंपावर माणसं जातात. घरी आल्यावर हे मी सगळ्यात आधी माझ्या बापाला दाखवलं.

27 जुलै 2005 ची मुंबई हाय नॉर्थची आगही सरांनी नीट समजावली. शेजारच्या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली होती. त्याला उपचारासाठी क्रेनच्या बास्केटमधून प्लॅटफॉर्मवर घेताना जहाज राइजरवर आदळलं. राइजर म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारा उभा पाइप. विहिरींचं तेल-गॅस तळावरच्या पाइपांतून येतं अन् राइजरमधून वर चढतं, मग वर तेल, गॅस अन् पाणी वेगळं होतं. तो फुटला म्हणजे पूर्ण लाइनीतला दाबाखालचा गॅस तुमच्या पायाखाली येऊन पेटतो. दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला, 22 माणसं गेली. तरी 362 जण वाचले, हा आकडा सरांनी फळ्यावर मोठा लिहून ठेवला होता.

पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मच्या आगीचा तास मात्र फार घाईत उरकला. 1988 साली उत्तर समुद्रात 167 माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता, अन् रात्रपाळीने तो पंप चालू केला, कारण परमिटचा, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीचा कागद त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी रोज व्हॉल्व्ह उघडतो-बसवतो. हॉट वर्क परमिट (ठिणगी उडणाऱ्या कामाची परवानगी), गॅस टेस्ट, पाळी बदलताना सही, हे सगळं कशापायी आलं ते नव्या पोराला तिथेच, अर्धा तास जास्त घेऊन, सांगायला हवं.

तराफ्याचा भाग चांगला झाला. उलटा पडलेला तराफा वाऱ्याच्या दिशेने सरळ करणं अन् पाण्यात गोल करून एकमेकांना धरून राहणं शिकवलं. मे 2021 च्या तौक्ते वादळात कामगार राहायचे तो पी-305 हा तरंगता बार्ज बुडाला, तेव्हा वाचलेली माणसं नुसत्या जॅकेटच्या भरवशावर तासन् तास लाटांत होती. ते ऐकल्यावर जॅकेटचा मांडीखालून जाणारा पट्टा कोणी ढिला ठेवत नाही.

कमी पडलं ते प्रथमोपचारात. बारा जणांना छाती दाबायला एकच पुतळा, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन मिनिटं. तीस दाब अन् दोन श्वास, मिनिटाला शंभर ते एकशेवीसचा वेग, हे हाताला बसायला जास्त वेळ लागतो. दुसरं, पडद्यावरचं सगळं इंग्रजीत. सर हिंदीत सांगत होते, म्हणून निभावलं. मराठी शाळेतून आयटीआयला गेलेल्या पोराने लेखी पेपरला गोंधळू नये, यासाठी शब्दांची एक चिठ्ठी तरी द्यावी.

विषारी वायूचा वर्ग वेगळा असतो, तोही घ्या. वसईच्या समुद्रातल्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. तो हवेपेक्षा जड. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला तर नाकच बधिर होतं अन् वाटतं की गेला. जोडीदार पडलेला दिसला तर तोंडावर श्वासाचं उपकरण लावल्याशिवाय त्याच्याकडे धावायचं नाही, आधी वाऱ्याला आडवं जाऊन बाजूला व्हायचं. आपल्याकडे विहिरीत किंवा गोबरगॅसच्या टाकीत एक उतरतो, त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. तिथला वायू दरवेळी तोच नसतो, कधी नुसता प्राणवायूच कमी असतो, पण मरण तसंच येतं. हा वर्ग ग्रामपंचायतीत कोणी घेतला तर मी सुट्टीवर असताना मदतीला येईन.

केंद्राला फोन कराल तेव्हा बॅच किती जणांची, पिंजरा पूर्ण उलटतो का, खिडकी ढकलून काढायची असते का, अन् पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा बसवतात का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरं केंद्र बघा. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला, कान फार दुखतात. आदल्या रात्री पोटभर जेवा, सकाळी हलकं खा. दोन जोडी जुने कपडे न्या, कारण कव्हरऑल, म्हणजे अंगभर घालायचा कामाचा पोशाख, ओलाच्या ओला राहतो.

भाच्याचं मेडिकल पुढच्या आठवड्यात आहे. रोज सकाळी तो विहिरीवर जातो, पायरीला एक हात धरतो, डोळे मिटून बुडी मारतो अन् आत मोजतो. काठावर त्याची माय बसलेली असते.