इतवारीतली लोखंडी शेगडी : शेकण्यासाठी कितपत उपयोगाची?

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका दुकानातून घेतलेली ही गोल, तीन पायांची लोखंडी शेगडी अंगणात शेकण्यासाठी आहे, स्वयंपाकासाठी नाही, आणि तिचे गुणदोष त्याच दृष्टीने तपासले पाहिजेत. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा अनेकदा 10 अंश सेल्सिअसखाली उतरतो. अशा वेळी उघड्यावर बसलेल्या माणसापर्यंत जाळाची ऊब कोणत्या वाटेने येते, याचा विचार घडवणाऱ्याने केला आहे की नाही, हाच खरा प्रश्न असतो.

जाळाने तापलेली हवा हलकी होऊन वर निघून जाते, त्यामुळे अभिसरणाने वाहून नेलेली उष्णता उघड्या अंगणात बहुतेक वायाच जाते. भोवती बसलेल्यांना मिळते ती प्रामुख्याने प्रारणाने, सरळ रेषेत येणारी ऊब. समोरून पोटऱ्या भाजत असताना पाठ गारठलेली राहते ती यामुळेच. म्हणून शेगडीची कड किती उंच आहे याला फार महत्त्व आहे. बाजारातल्या खोल, बादलीसारख्या शेगड्यांत निखारे तळाशी दडतात आणि बसलेल्याच्या वाट्याला नुसता पत्रा येतो. या शेगडीची कड बसकी असून तिला मोठी भोकेही पाडलेली आहेत, त्यामुळे निखारे थेट गुडघ्यांसमोर येतात. मला तिचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

दुसरा गुण तळाच्या जाळीचा. राख खाली झडते, वारा खालून मिळतो आणि मंद लाल निखारे नारिंगी होतात. हा फरक केवळ डोळ्यांना दिसणारा नाही : प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअसपासून केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा नियम भौतिकशास्त्रज्ञ स्टेफान यांनी 1879 मध्ये मांडला, आणि त्यानुसार निखारा 900 केल्विनवरून 1100 केल्विनवर गेला की त्याचे प्रारण सुमारे सव्वादोन पट होते. अर्थात लाकूड ओले असेल तर जाळीचाही उपाय चालत नाही, कारण बरीचशी उष्णता आधी त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते. त्याच दुकानात चकचकीत स्टेनलेस स्टीलची महागडी शेगडीही होती. ती दिसायला देखणी, परंतु तापलेला चकचकीत पृष्ठभाग काळ्या, काजळी धरलेल्या लोखंडाच्या मानाने फारच कमी प्रारण करतो.

दोष आहेत ते वहनाचे, म्हणजे लोखंडातूनच पुढे सरकणाऱ्या उष्णतेचे. उचलण्याच्या कड्या त्याच लोखंडाच्या, थेट अंगाला ठोकलेल्या असल्याने थोड्याच वेळात हात लावण्याजोग्या राहत नाहीत. लाकडी मुठी बसवल्या असत्या तर हे सहज टळले असते. पायही आखूड आहेत, तेव्हा फरशीवर ठेवायची झाल्यास खाली विटा हव्यातच. विझत आलेली शेगडी उबेसाठी बंद खोलीत नेणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चार-पाच माणसांना ही शेगडी उत्तम पुरते. मोठ्या घोळक्यासाठी घेऊ नये, कारण शेगडीपासूनचे अंतर दुप्पट झाले की अंगाला लागणारी ऊब जवळजवळ पावपटीवर येते.