फुकटचा खेळ साडेसात हजारांना

कापूस मोजला गेला, घरात चार पैसे आले की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे विकणाऱ्यांची रीघ लागते. यंदा त्यात पोरांचे कंप्युटरवरचे शिकायचे खेळ विकणारा, टाय लावलेला एक जण होता. आधी शाळेत पोरांची ‘मोफत बुद्धिमत्ता चाचणी’, तिच्या कागदावर पालकांचा मोबाईल नंबर, आणि लगोलग फोन: तुमचा मुलगा फार हुशार निघाला, घरी येऊन दाखवतो. (सगळ्यांचीच मुलं हुशार निघाली होती, हे मागून कळलं.)

घरी आला तो लॅपटॉप घेऊनच. पडद्यावर रंगीत चित्रं, पेंग्विन, बेरजा. माऊस शेवटपर्यंत त्याच्याच हातात. आमच्या दुसरीतल्या पोराने हात पुढे केला तर, ‘‘थांब बेटा, आधी पप्पांना बघू दे.’’ वयोगट म्हणे ५ ते १४, म्हणजे आठवीतल्या ताईलाही चालेल. पेन ड्राइव्ह आणि तीन वर्षांची ‘सर्व्हिस’ मिळून साडेसात हजार. क्यूआर कोडवर पैसे गेले ते कुणा बाईच्या नावावर. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही.

पुतण्याने पडदा बघितला आणि हसायलाच लागला. ‘‘काका, हाऊ पेंग्विन ते आमनी शाळाना कंप्युटरमा बी शे. फुकट शे!’’

खेळाचं खरं नाव जीकॉम्प्री. २००० सालापासून चालत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर, शंभरावर छोटे खेळ, कुणीही इंटरनेटवरून फुकट उतरवून घ्यावं. बनवणारेच सांगतात, २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी. मुक्त सॉफ्टवेअरची प्रत विकायला बंदी नाही, हे मान्य. पण मूळ नावावर स्वतःचं स्टिकर चिकटवून ‘आमच्या तज्ज्ञांनी बनवलं’ म्हणत गळ्यात मारणं ही सरळ लबाडी. खेळ मात्र चांगला आहे, धाकटा अजून खेळतो. ताईने माऊस फिरवून चित्र उघडायचा खेळ एकदा केला आणि उठून गेली. सोबत कोंबलेले हिंदी व्हिडिओ तर आमच्या काही कामाचे नाहीत. ‘उनसठ’ ऐकून पोराने वहीत ६९ लिहिलं. मराठी शाळेतल्या पोराला एकोणसाठ माहीत, उनसठ कुठून कळणार?

पेन ड्राइव्हच्या डबीवर मोठा ‘३+’ छापला होता, त्यावरही लोक भुलतात. खेळांवर वयाचा आकडा छापायच्या युरोपातल्या पेगी पद्धतीत ३ चा अर्थ एवढाच, की त्या वयाच्या मुलाने पाहू नये असं आत काही नाही. खेळ त्याला जमेल का, त्यातून काही शिकेल का, हे तो आकडा सांगतच नाही. ते बघायचं तर माऊस पोराच्या हातात द्या आणि अर्धा तास गप्प बसा. उत्तर चुकलं की खेळ काय करतो? नुसता भोंगा वाजवतो, की पुन्हा समजावतो? डोळे झाकून कुठेही दाबत पुढची पायरी गाठता येते का? विकणारा असं खेळू देत नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

सर्व्हिसचा नंबर आता बंद आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही भागलं तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यासाठी कच्ची का होईना पावती, पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आणि ती स्टिकर लावलेली डबी जपून ठेवा. यावल, रावेरकडेही अशा चाचण्या सुरू झाल्याचं ऐकतो. पोराने कागद घरी आणला तर मोबाईल नंबरची ओळ कोरी सोडा.