खारीचे मांस हाताळण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम: सुरक्षितता उत्तम, कायदा तोकडा

खारीसारख्या लहान शिकारी प्राण्यांचे नव्हे, तर शिकार केलेल्या लहान प्राण्यांचे मांस हाताळायला शिकवणारा हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला आणि त्यातला सुरक्षिततेचा भाग मला मनापासून पटला. शिक्षक हातमोजे घालून खारीचे पोट उघडतात, यकृत उजेडाकडे धरतात आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर टुलारेमिया या संसर्गजन्य रोगाच्या शंकेने तो प्राणी टाकून द्यावा, असे बजावतात. या रोगाचे जिवाणू हातावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात, त्यामुळे हातमोज्यांचा त्यांचा आग्रह अगदी योग्य आहे. मांस शिजवताना मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस तापमान गाठल्याची खात्री करायलाही ते शिकवतात. मांसात रुतलेले शिशाचे छर्रे काढण्यावर मात्र अधिक वेळ द्यायला हवा होता.

कायद्याची बोळवण 'स्थानिक नियम पाहा' एवढ्या एका वाक्यात केली आहे, हे मला खटकले. ब्रिटनमध्ये तांबडी खार १९८१ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तर करडी मारता येते. म्हणजे एकाच जंगलात केवळ प्रजाती ओळखण्यात चूक झाली, तरी गुन्हा घडू शकतो. प्रजाती ओळखण्याचा पाठ या अभ्यासक्रमात पहिला असायला हवा होता.